मोआबच्या कॅन्यनमधला कच्चा रस्ता: एका दिवसाची सफर कशी आखावी

डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी किंवा बे एरियातून युटामधल्या मोआबला निघालेल्या मराठी कुटुंबांकडे यादी तयार असते. आर्चेस नॅशनल पार्क, कॅन्यनलँड्स, डेड हॉर्स पॉइंट, आणि 'तो दरीत उतरणारा नागमोडी रस्ता', म्हणजे शेफर ट्रेल. यादी चांगलीच असते. चुकतो तो क्रम. आधी ठिकाणं ठरतात, मग हॉटेल, मग विमानतळावरची भाड्याची गाडी. आणि रस्त्याची अवस्था कळते ती त्याच दिवशी सकाळी, किंवा गाडी रुतल्यावर.

क्रम असा हवा: महिना, रस्ता, गाडी, परवाना, घड्याळ, पाणी. कुठे थांबून फोटो काढायचे हे सगळ्यात शेवटी. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला एखादा टप्पा गाळून पुढे जाऊ नका, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर आधीच्या टप्प्यातून येतं.

## १. आधी महिना बघा

मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर, हे दोन हंगाम उत्तम. जून ते ऑगस्ट दुपारचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि सावली जवळजवळ नसते. जुलै ते सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंत दुपारी वादळी पाऊस होतो आणि कोरडे ओढे अचानक भरून वाहतात. हिवाळ्यात डांबरी रस्ते बहुतेक चालू असतात, पण शेफर ट्रेलसारख्या उतारांवर बर्फ साचतो आणि ला साल डोंगरातून फिरून येणारा वळसा बंद होतो.

आपल्याकडची अडचण अशी की पुण्या-मुंबईहून आईवडील येतात ते नेमके मे ते सप्टेंबरमध्ये. त्यांना घेऊन जुलैत जायचंच असेल तर दिवसाचे दोन तुकडे करा: पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर. मधला वेळ खोलीत, एसीत. सत्तरीच्या माणसाला दुपारी एक वाजता आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या कमानीच्या चढावर नेणं हा बेत नव्हे, हा धोका आहे.

तपासा: तुमच्या तारखा ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात येत नाहीत ना? तेव्हा मोआबमध्ये 'ईस्टर जीप सफारी' भरते. गावात खोल्या मिळत नाहीत आणि अवघड रस्त्यांवर गाड्यांची रांग लागलेली असते.

## २. एका दिवसाला एकच रस्ता

नकाशावर ३० मैल दिसले की आपण अर्धा तास धरतो. डांबरी रस्त्यावर ते ठीक. चांगल्या कच्च्या रस्त्यावर ताशी १५ मैल धरा. जिथे फोर-व्हील ड्राइव्ह लागते तिथे ताशी ५ ते १०. फोटोसाठी थांबणं, समोरून आलेल्या गाडीला वाट देणं, उतरून पुढचा खडक बघणं, सगळं यातच येतं. म्हणून दिवसाला एकच मुख्य रस्ता घ्या. वेळ उरला तर डांबरीवरचं एखादं ठिकाण जोडता येतं. कच्च्याला कच्चा रस्ता जोडू नका.

कॅन्यनलँड्सचे भाग एकमेकांना रस्त्याने जोडलेले नाहीत हेही लक्षात ठेवा. मध्ये कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्या आहेत आणि पार्कच्या आत त्यांच्यावर पूल नाही. 'आयलंड इन द स्काय' मोआबपासून सुमारे ३२ मैल, तर 'नीडल्स' दक्षिणेकडून वळसा घेऊन सुमारे ७५ मैल. दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल.

नवख्यांना मी तीन पर्याय सुचवतो.

सगळं डांबरी. सकाळी महामार्ग १९१ वरून उत्तरेला निघून रस्ता ३१३ ने आयलंड इन द स्काय. पहाटे मेसा आर्च (सूर्योदयाला कमानीची खालची बाजू तांबूस उजळते, म्हणून गर्दी तेव्हाच असते), मग ग्रँड व्ह्यू पॉइंट आणि ग्रीन रिव्हर ओव्हरलूक. परतीच्या वाटेवर डेड हॉर्स पॉइंट. तिथून सुमारे २,००० फूट खाली कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं. कुठलीही साधी गाडी चालते. आईवडील बरोबर असतील तर हाच दिवस घ्या. त्यात काही कमी राहिलं असं त्यांना मुळीच वाटणार नाही.

थोडा कच्चा. रस्ता १२८ मोआबच्या अगदी उत्तरेला सुरू होतो आणि कोलोरॅडोच्या काठाकाठाने ४४ मैल जातो. तो पूर्ण डांबरी आहे. त्यावरून फिशर टॉवर्सच्या पायथ्याशी जाणारा दोनेक मैलांचा फाटा कच्चा आहे आणि कोरड्या हवेत सावकाश साध्या गाडीने होतो. संध्याकाळी तिथले तांबडे सुळके असे पेटल्यासारखे दिसतात की इथला सूर्यास्त मी डेलिकेट आर्चच्याही वर ठेवतो. त्याच बाजूचा अनियन क्रीक रस्ता मात्र तोच ओढा वीसहून अधिक वेळा ओलांडतो. उंच गाडी आणि कोरडी हवा, दोन्ही असतील तरच तिकडे वळा.

खरा कच्चा. शेफर ट्रेलने कड्यावरून सुमारे १,५०० फूट खाली उतरायचं आणि पोटॅश रोडने नदीकडे येत मोआबला परतायचं. कच्चा भाग अंदाजे २० मैल, पुढे सुमारे १७ मैल डांबरी रस्ता २७९. पुढच्या टप्प्यांत उदाहरणासाठी मी हाच रस्ता घेतला आहे, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. फोटोंमध्ये भीतीदायक दिसतात ती शेफरची वळणं, म्हणून ती उतरली की 'झालं' असं वाटतं. गाडीची खरी परीक्षा त्यानंतर, पोटॅश रोडवरच्या खडकाच्या पायऱ्यांवर होते.

## ३. गाडी: रस्ता काय मागतो ते बघा

इथे सर्वाधिक गोंधळ होतो तो 'ऑल-व्हील ड्राइव्ह' आणि 'फोर-व्हील ड्राइव्ह' यांत. पार्कच्या नियमांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरची ऑल-व्हील एसयूव्ही बर्फाळ हायवेवर उत्तम चालते. पण तिला लो रेंज गिअर (अवघड चढ-उतारावर गाडी अगदी सावकाश, पण जोराने नेणारा) नसतो आणि पोटही जमिनीच्या जवळ असतं. ओळखायची खूण सोपी आहे: गिअरजवळच्या दांड्यावर किंवा बटणावर '४ एल' असं असेल तर लो रेंज आहे. नसेल तर ती गाडी 'फोर-व्हील, हाय क्लिअरन्स' लिहिलेल्या रस्त्यासाठी नाही, मग मागच्या दारावर कुठलंही अक्षर चिकटवलेलं असो.

विमानतळावरच्या भाड्याच्या गाडीबद्दल करार वाचा. बहुतेक करारांत डांबर सोडून जायला मनाई असते. तिथे गाडी रुतली तर विमा लागू होत नाही, आणि आतल्या रस्त्यावरून गाडी ओढून आणण्याचा खर्च हजार डॉलर सहज ओलांडतो. यावर साधा उपाय आहे. एका दिवसासाठी मोआबमधूनच जीप भाड्याने घ्या. तिथले दुकानदार कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे ते लिहून देतात आणि काल त्या रस्त्यावर काय होतं हेही सांगतात. ही माहिती जीपइतकीच मोलाची आहे.

गाडी ताब्यात घेताना, दुकानाच्या आवारातच:
- स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का, आणि तिच्यात हवा आहे का?
- जॅक आणि पाना आहे का? तुमच्या हाताने नट सैल होतो का, हे एकदा करून बघा.
- ४ एल टाकून दहा फूट चालवून बघा. काही गाड्यांत आधी न्यूट्रलला यावं लागतं. हे दरीच्या कडेवर शिकायचं नसतं.
- टायरमधली हवा किती कमी करायला परवानगी आहे ते विचारा.

## ४. परवाने आणि पास

आर्चेसमध्ये २०२२ ते २०२५ या वर्षांत काही हंगामांत ठरावीक वेळेचं प्रवेश-आरक्षण लागत असे. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. तारीख ठरली की पार्कच्या अधिकृत पानावर बघा.

कॅन्यनलँड्समध्ये व्हाइट रिम रोडवर एका दिवसासाठी जायलाही गाडीला आणि सायकलला वेगळा परवाना लागतो, आणि रोजची संख्या मर्यादित असते. शेफरने उतरून थेट पोटॅशला वळणाऱ्यांना तो लागत नाही. घोटाळा होतो तो खालच्या तिठ्यावर. शेफर संपतो तिथे एक रस्ता पोटॅशकडे जातो आणि दुसरा व्हाइट रिमकडे. 'मसलमन आर्च इथून जवळच आहे, पटकन बघून येऊ' म्हणून लोक वळतात आणि परवान्याशिवाय व्हाइट रिमवर पोचतात. तो आर्च बघायचा असेल तर परवाना आधी काढा. नसेल तर तिठ्यावर पोटॅशकडेच वळा.

नॅशनल पार्कचा वार्षिक पास डेड हॉर्स पॉइंटला चालत नाही, कारण ते राज्याचं उद्यान आहे. दक्षिणेला मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या मूळ रहिवासी लोकांची आहे. तिथेही वेगळं शुल्क. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी आणि अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी पासचे दर वेगळे असू शकतात, तेही आधीच बघून घ्या.

## ५. घड्याळ उलटं लावा

निघायची वेळ सगळे ठरवतात. परत फिरायची वेळ जवळजवळ कोणीच ठरवत नाही. संपूर्ण आखणीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच.

शेफर-पोटॅशचं गणित मांडून दाखवतो. दिवस ऑक्टोबरअखेरचा. मोआबमध्ये सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास, पण उंच भिंतींच्या आड दरीत सावली त्याच्या बरीच आधी येते आणि तिरक्या उजेडात खडकाची पायरी किती खोल आहे ते कळत नाही. म्हणून साडेचारला डांबरावर पोचायचं. थांबत थांबत कच्च्या भागाला चार तास, आणि एक तास शिल्लक: पंक्चरसाठी, समोरून आलेल्या चार जीपसाठी, मुलांच्या भुकेसाठी. एकूण पाच तास. साडेचारातून पाच गेले, उरले सकाळचे साडेअकरा. म्हणजे वरच्या व्हिजिटर सेंटरवरून साडेअकराच्या आत निघालात तर खाली उतरायचं, नाहीतर नाही. बारा वाजले असतील तर वरूनच बघा. वरून दिसणारं दृश्यही अप्रतिम आहे.

दुसरा आकडा खालच्या तिठ्याचा. तिथवर पोचायला एक वाजून गेला असेल तर पोटॅशला न वळता शेफरनेच वर परता. चढ ओळखीचा असतो. पुढचे पंधराएक मैल अनोळखी असतात.

गेलेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर हिशोब सोपा आहे: जायला जितका वेळ लागला तितकाच परतीला धरा आणि वर एक तास ठेवा. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. गाडीतल्या उत्साही माणसाशी वाद घालायची वेळ येत नाही.

इशारा: दक्षिणेला जाणार असाल तर घड्याळाचाच सापळा आहे. उन्हाळ्यात युटामध्ये आणि नवाहो भूमीत घड्याळ एक तास पुढे असतं, पण उरलेल्या अॅरिझोनात नाही. मॉन्युमेंट व्हॅलीहून अॅरिझोनातल्या पेज या गावाकडे जाताना फोनवरची वेळ मागेपुढे उड्या मारते आणि आरक्षित टूर चुकतात. ज्या ठिकाणची टूर, त्या ठिकाणची वेळ त्यांना विचारून लिहून घ्या.

## ६. नकाशा फोनमध्ये आणि हातात

मोआब सोडलं की थोड्याच वेळात मोबाइलला रेंज राहत नाही. हॉटेलच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, आणि फोन विमान मोडमध्ये टाकून तो उघडतो का ते बघा. ही शेवटची पायरी लोक विसरतात. जोडीला कागदी नकाशा घ्या, तो व्हिजिटर सेंटरवर मिळतो.

फोनचं अॅप 'जवळचा रस्ता' म्हणून जीपचा माग दाखवू शकतं. त्याला अंतर कळतं, खडक कळत नाही. ठरवलेला रस्ता सोडून अॅप सुचवेल त्या वाटेवर इथे जाऊ नये.

## ७. पाणी, डबा, हत्यारं

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी. चौघांना चार गॅलन, आणि अडकलोच तर म्हणून आणखी दोन. छोट्या बाटल्यांचं खोकं न घेता गॅलनचे कॅन घ्या आणि सगळं पाणी एकाच भांड्यात ठेवू नका. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाच्या मनात 'वर टाकं असेल, वाटेत वाडी लागेल' हा हिशोब पक्का बसलेला असतो. इथे तो सोडायचा. वाटेत ना वाडी आहे ना टाकं. नदी डोळ्यांसमोर दिसते आणि हजार फूट खाली असते.

घाम इतक्या लवकर वाळतो की आला हेच कळत नाही. नुसतं पाणी पीत राहिलात तरी मीठ जातं आणि डोकं दुखू लागतं. इलेक्ट्रॉलची पाकिटं किंवा घरचं मीठ-साखर-लिंबू बरोबर असू द्या. खाण्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, सुके अंजीर. दहीभात आणि अंड्याचे पदार्थ गाडीच्या उकाड्यात टिकत नाहीत.

पेट्रोल मोआबमध्ये पूर्ण भरा. आर्चेसमध्ये किंवा आयलंड इन द स्कायवर पंप नाही, खाण्याचं दुकानही नाही. पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी आणखी एक: आंतरराज्य महामार्ग ७० वर सलाइना आणि ग्रीन रिव्हर या गावांमध्ये शंभरहून अधिक मैल एकही पंप नाही.

गाडीत लागणारं सामान: टायरची हवा मोजायचं मीटर, बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप, गाडी ओढायचा पट्टा, घडीचं फावडं, आणि फूटभर चौरस जाड प्लायवूडचा तुकडा. प्लायवूडचं लोकांना नवल वाटतं. वाळूत जॅक लावला की गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो, तेव्हा हा तुकडा खाली लागतो. माणसांसाठी: प्रत्येकाला हेडटॉर्च, एक जाड चादर किंवा जॅकेट (वाळवंटातली रात्र एप्रिलमध्येही गारठवते), प्रथमोपचार पेटी, आणि शौचासाठीच्या बंद होणाऱ्या पिशव्या. इथल्या कोरड्या मातीत मैला कुजत नाही. तो आणि कागद, दोन्ही परत आणायचे.

## ८. आदल्या रात्री: हवामान आणि निरोप

हवामान फक्त मोआबचं बघू नका. तुमचा रस्ता ज्या ओढ्यांना ओलांडतो त्यांचं पाणी कुठून येतं ते नकाशावर बघा आणि तिथलं बघा. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशात बोट ठेवलं की त्या बिंदूचा अंदाज मिळतो. ऑगस्ट १९९७ मध्ये अॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. मुसळधार पाऊस पडला होता तो काही मैल दूर. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी अरुंद घळ सुरक्षित असतेच असं नाही.

मग सकाळी व्हिजिटर सेंटरला फोन करा किंवा स्वतः जा आणि नेमका प्रश्न विचारा. 'रस्ता चालू आहे का?' एवढंच विचारलंत तर 'हो' असं उत्तर येईल. 'जीप रँग्लर आहे, चालवणारा नवखा आहे, काल पाऊस झाला होता का, आणि पोटॅशवरच्या पायऱ्या सध्या कशा आहेत?' असं विचारलंत तर खरं उत्तर मिळेल.

आता निरोप. अमेरिकेतल्याच एका भरवशाच्या माणसाला असा मेसेज पाठवा:

'आम्ही चौघं, पांढरी जीप, नंबर अमुक. शेफर ट्रेलने खाली, पोटॅश रोडने मोआब. व्हाइट रिमवर जाणार नाही. ११ वाजता उतरायला सुरुवात, ४:३० ला डांबरावर. रात्री ८ पर्यंत मेसेज आला नाही तर पुढच्या नंबरांवर फोन कर.'

त्याखाली ग्रँड आणि सॅन हुआन या दोन्ही काउंटींच्या शेरिफ कार्यालयांचे नंबर द्या. कारण तुमचा मित्र कॅलिफोर्नियातून ९११ लावेल तर फोन त्याच्याच गावच्या नियंत्रण कक्षात जाईल. पुण्यातल्या भावाला हा मेसेज पाठवून उपयोग नाही. युटात संध्याकाळचे पाच, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार.

तपासा: मेसेजमध्ये लिहिलेला रस्ता बदलायचा असेल तर रेंज असतानाच दुसरा मेसेज करा. शोधपथक तुम्ही लिहिलेल्या जागी शोधतं.

## ९. रस्त्यावर

डांबर संपल्यावर थांबा. दुकानदाराने सांगितली असेल तेवढी टायरची हवा कमी करा. खडकाळ रस्त्याला साधारण २५ पीएसआय पुरतं. टायर खडकावर बसतो आणि दणके कमी होतात.

उतार सुरू होण्याआधी ४ एल, पहिला गिअर. उतरताना वेग इंजिनने रोखायचा, ब्रेकने नाही. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड जाते. चढणाऱ्या गाडीला वाट देणं हा नियम आहे. त्यामुळे दर वळणावर खाली नजर टाका आणि गाडी येताना दिसली की रुंद जागीच थांबून राहा. अरुंद जागी समोरासमोर आलात तर मागे तुम्हालाच यावं लागेल.

पायरी दिसली की एकाने खाली उतरा. खडकाच्या कडेला चाक कुठे टेकवायचं ते बाहेरच्या माणसाला दिसतं, चालकाला दिसत नाही. हाताच्या खुणा आधी ठरवा आणि सांगणारा माणूस एकच असू द्या. चाक खडकावर चढवायचं, खडक दोन चाकांच्या मधून काढायचा नाही. पोटाखालचा दांडा आणि तेलाचं भांडं तिथेच आपटतं.

वाळू. वेग एकसारखा ठेवा, मध्ये थांबू नका, स्टिअरिंग जोरात वळवू नका. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं वाटलं की लगेच अॅक्सिलरेटर सोडा. आणखी दाबलात तर गाडी स्वतःची कबर खणते. उतरा, चाकांसमोरची वाळू काढा, हवा आणखी कमी करा आणि आल्या मागानेच मागे घ्या.

ओली माती. हा भाग नीट वाचा, कारण पावसातल्या घाटरस्त्यांची सवय असलेल्या माणसाचा अंदाज इथेच चुकतो. आपल्याकडे खडी आणि मुरूम असतो, पाऊस पडला तरी चाकाला काहीतरी धरायला मिळतं. इथल्या बऱ्याच करड्या-जांभळ्या मातीत बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती असते. कोरडी असताना ती डांबरासारखी टणक. अर्धा तास पाऊस झाला की वरचा थर वंगणासारखा होतो, टायरच्या खाचा भरून जातात आणि फोर-व्हील असूनही गाडी उताराच्या बाजूला घसरते. यावर चालवण्याचं कुठलंही कौशल्य चालत नाही. वाळू भिजली तर उलट घट्ट होते, म्हणून 'मघाशी ओल्या वाळूतून पार झालो की' या भरवशावर राहू नका. रस्त्याचा रंग करडा झाला, बूट टेकवल्यावर तळाला लगदा चिकटला, की उंच सपाट जागा बघून थांबा. ऊन-वारा असेल तर काही तासांत वर पापुद्रा धरतो. कधी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावं लागतं. जादा पाणी आणि चादर त्यासाठीच.

वाहता ओढा. अनियन क्रीकसारख्या रस्त्यावर ओढ्याला एरवी काही इंच पाणी असतं. ते नितळ असेल, तळ दिसत असेल, तर लो रेंजमध्ये सावकाश जा. गढूळ आणि वाढतं असेल तर जाऊ नका. लोंढा येण्याच्या खुणा अशा: नितळ पाणी अचानक लाल होतं, काटक्या आणि फेस वाहत येतो, वरच्या बाजूने मालगाडी यावी तसा घरघराट ऐकू येतो. यातलं एकही दिसलं तर सामान सोडा आणि बाजूला उंचावर चढा. ओढ्याच्या पात्रातून प्रवाहाच्या दिशेने पळू नका. पूर बहुधा काही तासांत ओसरतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करून जेवायला बसू नका, सावली तिथेच असली तरी.

## १०. पायी जाताना

काळपट, खडबडीत, गाठीगाठींची माती दिसली तर तिच्यावर पाय ठेवू नका. ती जिवंत साय आहे: सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल एकत्र. तिच्यामुळे वाळू धरून राहते. एका पावलाने मोडलेली साय पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात. खडकावरून किंवा ओढ्याच्या वाळूतून चाला. गाडीही वळवायला मागातून बाहेर काढू नका.

इथला गुळगुळीत वालुकाश्म चढायला सोपा आणि उतरायला अवघड. मुलं हात टेकत वर जातात आणि मग खाली येता येत नाही. वर पाठवण्याआधी उतरण्याची वाट बघा. डेलिकेट आर्चचा फेरा ३ मैलांचा, सावलीविना. माणशी दोन लिटर पाणी बरोबर घ्या, आणि सूर्यास्ताला जात असाल तर उतरताना हेडटॉर्च हवाच. कातळचित्रांना हात लावू नका, बोटांच्या तेलाने रंग खराब होतो. ड्रोन दोन्ही नॅशनल पार्कांत बंद आहेत.

## ११. अडकलात तर

गाडी सोडू नका. आकाशातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. बॉनेट उघडं ठेवा, उन्हात गाडीच्या सावलीला बसा, रात्री आत. रेंजची रेघ दिसत नसली तरी ९११ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही तो लागू शकतो. आयफोन १४ आणि पुढच्या फोनांत उपग्रहावरून मदत मागण्याची सोय आहे. त्यासाठी वर उघडं आकाश लागतं, कड्याला चिकटून बसलात तर संदेश जाणार नाही. ती सोय वापरायची कशी याचा सराव फोनमध्येच देता येतो, तो घरी करून बघा.

पाणी तहान लागेल तसं प्या. उद्यासाठी राखून ठेवलेली भरलेली बाटली हातात घेऊन माणसं उष्माघाताने कोसळतात. चालत निघायचं ते फक्त तेव्हा, जेव्हा मागच्या दोनेक मैलांवर माणसं किंवा डांबर आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि ऊन उतरलेलं आहे. कोणी निघालंच तर गाडीत चिठ्ठी ठेवा: कोण, किती वाजता, कुठल्या दिशेने.

## १२. डांबरावर परतल्यावर

पोटॅशच्या कारखान्यापाशी डांबर लागलं की घाईने मोआब गाठू नका. आधी टायरमध्ये पूर्ण हवा भरा. कमी हवेवर महामार्गाच्या वेगाने गेलात तर टायर तापून फुटतो. चारही टायरच्या आतल्या बाजूला चीर पडलेली नाही ना ते हात फिरवून बघा, गाडीखाली तेल ठिबकतंय का तेही वाकून बघा. रेंज आली की पहिला मेसेज निरोप ठेवलेल्या माणसाला: 'पोचलो.' तो राहिला तर रात्री आठ वाजता शोधपथक विनाकारण बाहेर पडेल, आणि त्यात बहुतेक स्वयंसेवक असतात, दिवसभराचं काम करून आलेले.